हिवाळ्याचा काढा : कसा, किती आणि कुणाला

तुळशीच्या लग्नात वृंदावनापाशी ऊस, चिंच आणि आवळे ठेवतात. बाजारात आवळ्याच्या पाट्या दिसू लागतात त्या याच दिवसांत. पुढे निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात, द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात, महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं आणि घराघरात एखादं तरी नाक वाहायला लागतं. मग गॅसवर काढ्याचं पातेलं चढतं. तुळस, आलं, मिरी, गवती चहा. कुणाकडे दालचिनी, कुणाकडे ज्येष्ठमध. घसा धरलेला असताना असा घोटभर काढा प्यायला की बरं वाटतं, हा सगळ्यांचा अनुभव आहे आणि तो खरा आहे. पण आजारी नसताना, निव्वळ प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून तो रोज प्यावा का? आणि याच वनस्पतींच्या गोळ्या, अर्क आणि रस बाटलीतून महिनोन्महिने घ्यावेत का?

या प्रकरणाचं उत्तर आधीच सांगून टाकणं बरं. स्वयंपाकघरातल्या मापात या वनस्पती हिवाळ्यातल्या उत्तम सोबती आहेत. मात्र चिमटीचा चमचा झाला, चमच्याची बाटली झाली आणि चार दिवसांचे चार महिने झाले, की ते औषध होतं. मग मात्रा, मुदत, दुष्परिणाम, दुसऱ्या औषधांशी होणारा झगडा, हे सगळं त्यालाही लागू होतं. झाडपाल्याचं आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

आधी थंडीचं पाहू. सर्दी होते ती विषाणूंमुळे. नुसत्या गारठ्याने होत नाही. पण गारठा विषाणूंची वाट सोपी करतो. नाकाच्या आतलं अस्तर ओलसर असतं, त्यावरचा चिकट थर धूळ आणि जंतू पकडतो आणि बारीक केसांसारखे तंतू तो थर सतत घशाकडे ढकलत राहतात. थंड, कोरड्या हवेत हा थर सुकतो आणि हे काम मंदावतं. शिवाय खिडक्या बंद, माणसं एका खोलीत, एकाच्या शिंकेत सगळे सापडलेले. फ्लूचं मात्र थोडं वेगळं आहे. आपल्याकडे तो पावसाळ्यात जोर करतो आणि पुन्हा जानेवारी ते मार्चच्या सुमाराला. २००९ साली स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यात, ऑगस्ट महिन्यात. त्यामुळे काळजी फक्त स्वेटर बाहेर काढल्यावर घ्यायची, हा हिशेब आपल्या हवेला लागू पडत नाही.

प्रतिकारशक्ती ही एकच एक गोष्ट नाही, की जिचा काटा वर सरकवला म्हणजे झालं. रक्तातल्या अनेक प्रकारच्या पेशी, प्रतिपिंडं, ताप, सूज, नाकातला तो चिकट थर, आतड्यातले जीवाणू, असा हा मोठा कारभार आहे आणि त्याला वाढण्याइतकंच वेळेवर थांबणंही जमावं लागतं. थांबणं जमलं नाही तर दमा, ॲलर्जी, संधिवाताचे काही प्रकार उद्भवतात. अकराव्या शतकात चरकसंहितेवर टीका लिहिणाऱ्या चक्रपाणिदत्तांनी रोगाला तोंड देण्याच्या क्षमतेचे दोन भाग सांगितले आहेत : झालेल्या रोगाचा जोर मोडणं आणि रोग मुळात होऊ न देणं. घरगुती काढ्याचं काम समजून घ्यायला ही विभागणी फार उपयोगी आहे. खोकला, घसादुखी, नाक चोंदणं, भूक मरणं, यांचा जोर तो कमी करू शकतो. रोग होऊच देणार नाही, असं वचन मात्र कुठल्याही काढ्याने पुराव्यानिशी दिलेलं नाही.

याच चरकसंहितेतली ऋतुचर्या पाहिली तर आणखी एक गोष्ट लक्षात येते आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. हेमंतात पोटातला अग्नी प्रखर असतो, त्याला पुरेसं इंधन द्या, असा तिथला मुख्य मुद्दा आहे. दूध, उसाचे पदार्थ, तूप-तेल, नवा तांदूळ, गरम पाणी, अंगाला तेल, ऊन, उबदार कपडे असा सगळा सरंजाम त्यात येतो. आणि शिशिरात तिखट, कडू, तुरट आणि हलकं अन्नपान टाळा, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे शिशिरात धडधाकट माणसाने रोज सकाळी उपाशीपोटी कडू-तिखट काढा पिण्याला ज्या परंपरेचा दाखला दिला जातो, ती परंपराच उलटं सांगते. तिने सांगितलेलं आपल्या आज्यांनी नीट पाळलं होतं. बाजरीची भाकरी आणि लोणी, तिळगूळ, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथीचे लाडू, भोगीची मिसळीची भाजी. हिवाळ्याची पहिली वनौषधी ताटात असते. काढा नंतरचा.

तरीही काढा करायचाच असतो आणि तो नीट कसा करावा हे सांगणारी माणसं कमी झाली आहेत, म्हणून इथे थोडं थांबू. आयुर्वेदात वनस्पतीपासून औषध काढण्याच्या पाच मूळ रीती आहेत : स्वरस म्हणजे पिळून काढलेला रस, कल्क म्हणजे वाटून केलेला गोळा, क्वाथ म्हणजे उकळून आटवलेला काढा, हिम म्हणजे गार पाण्यात रात्रभर भिजवलेला आणि फांट म्हणजे उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलेला. आपण घरी सगळंच एका पातेल्यात टाकून उकळतो, तिथे गडबड होते. शार्ङ्गधरसंहितेत काढ्याचं माप दिलं आहे : भरड कुटलेल्या औषधाच्या सोळा पट पाणी आणि ते मंद आचेवर आटवून आठवा हिस्सा उरवायचा. हे माप खोड, साल, मूळ अशा टणक भागांना शोभतं. सुंठ, गुळवेलीचं खोड, ज्येष्ठमधाची काडी यांच्यातलं सत्त्व सुटायला तेवढा वेळ लागतोच.

तुळस आणि गवती चहा यांचं तसं नाही. तुळशीच्या पानात युजेनॉल असतं, गवती चहाच्या पात्यात सिट्रल असतं. दोन्ही उडून जाणारी तेलं आहेत. पातेलं उघडं ठेवून पंधरा मिनिटं खळखळा उकळलं की घरभर सुरेख वास सुटतो, पण तो पेल्यातून गेलेला असतो. म्हणून सुंठ, मिरी आणि ज्येष्ठमध आधी उकळून घ्यावं, गॅस बंद करावा आणि मग चुरगळलेली तुळशीची पानं, गवती चहाची पाती घालून वर झाकण ठेवावं. दहा मिनिटांनी गाळावं. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब पेल्यात परत झटकावेत, सुगंधी तेलातलं बरंचसं त्या थेंबांत असतं. मध घालायचा तर पेला तोंडाला लावण्याइतका कोमट झाल्यावर.

प्रमाणाचं सांगायचं तर २०२० साली, कोविडच्या साथीत, आयुष मंत्रालयाने जो काढा सुचवला त्यात तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन आणि मिरी एक भाग होती, आणि या मिश्रणाचे अवघे तीन ग्रॅम दीडशे मिलिलिटर पाण्याला, दिवसातून एक-दोनदा. तीन ग्रॅम म्हणजे लहानसा चमचा. घरोघरी मात्र मुठीने मिरी पडली, लवंग पडली, वर ओवा आणि लसूण. छातीत जळजळ, तोंड येणं, मूळव्याध उठणं अशा तक्रारी त्या दिवसांत पुष्कळ ऐकू येत. तेवढं साधं माप पाळलं असतं तरी यातलं बरंच टळलं असतं.

आता एकेका वनस्पतीकडे वळू. सगळ्यांना सारखी जागा देण्याचं कारण नाही, कारण सगळ्यांचा अभ्यास सारखा झालेला नाही.

सर्वांत भक्कम बाजू अडुळशाची आहे. गावाकडे कुंपणाला लावलेलं, जनावरं तोंड लावत नाहीत असं हे झुडूप. त्याच्या पानात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. या द्रव्याच्या धर्तीवर गेल्या शतकाच्या मध्यानंतर ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं आणि ब्रोमहेक्सिनपासून शरीरात जे बनतं ते ॲम्ब्रॉक्सॉल, म्हणजे आज औषधाच्या दुकानातल्या खोकल्याच्या असंख्य बाटल्यांवर छापलेलं नाव. अडुळशाच्या पानांचा मधातला रस देणाऱ्या वैद्यांची परंपरा आणि आधुनिक औषधशास्त्र इथे एकाच झुडपापाशी भेटतात. पण याच व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं. म्हणून गरोदरपणात अडुळसा नको, साधा घरगुतीही नको.

हळदीचं कौतुक आपल्याला अंमळ जास्तच आहे आणि ते स्वाभाविकही आहे. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली अमेरिकेत हळदीचं पेटंट मिळालं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे आणि लेखांचे पुरावे देऊन त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. ही लढाई आपण अभिमानाने सांगतो, पण ती जखम भरण्यासाठी हळद वापरण्याबद्दल होती, सर्दीबद्दल नव्हे. हळदीतलं कर्क्युमिन तीन टक्क्यांच्या आसपास असतं आणि पोटातून ते रक्तात फार थोडं पोहोचतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, की मिरीतलं पायपरिन सोबत दिलं तर माणसाच्या शरीरात कर्क्युमिनचं शोषण वीसपट वाढतं. हळदीच्या दुधात चिमूटभर मिरी घालण्याला त्यामुळे आधार आहे. रात्री अर्धा चमचा हळद घातलेलं गरम दूध घशाला आराम देतं, झोप लागायला मदत करतं. तेवढ्यासाठी ते जरूर प्यावं. हळद विकत घेताना मात्र फार झगझगीत पिवळी घेऊ नये. रंग यावा म्हणून शिशाचा क्षार मिसळण्याचे प्रकार उघडकीला आले आहेत. सांगलीची किंवा वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची हळकुंडं आणून गिरणीतून दळून घेणं अजूनही सर्वांत चांगलं.

मिरीचा हा शोषण वाढवण्याचा गुण दुधारी आहे. जम्मूच्या सीएसआयआर प्रयोगशाळेने पायपरिनचा हाच गुण वापरून क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनची मात्रा ४५० मिलिग्रॅमवरून २०० मिलिग्रॅमवर आणणारी गोळी तयार केली. जे शास्त्रज्ञांनी मोजूनमापून केलं, ते घरात नकळत होऊ शकतं. आकडीवरचं फेनिटॉइन, दम्यावरचं थिओफिलिन यांची रक्तातली पातळी पायपरिनने वाढते. भाजीतल्या मिरीने काही बिघडत नाही. पण अशी औषधं रोज घेणाऱ्याने मिरीच्या अर्काच्या गोळ्या किंवा कडक काढा सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगायला हवं.

ज्येष्ठमध चघळलं की घसा सुटतो, गाणारी मंडळी ते जवळ बाळगतात. त्यातला गोडवा ग्लिसिरायझिनचा. ते रोज आणि जास्त गेलं तर शरीरात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. अमेरिकेत ज्येष्ठमधाच्या गोळ्या रोज पिशवी-दीड पिशवी खाणारा एक गृहस्थ हृदय बंद पडून गेला, त्याची नोंद २०२० साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. रक्तदाब असणाऱ्यांनी ते टाळावं, बाकीच्यांनी आठवड्यापलीकडे लांबवू नये.

दालचिनीबद्दल दोनच ओळी. बाजारातली जाड, एकपदरी, गडद साल बहुधा कॅसिया असते; तिच्यातलं कुमारिन जास्त प्रमाणात यकृताला सोसत नाही. खरी दालचिनी पातळ, अनेक पदरांची, हाताने चुरडणारी. ती आपल्या कोकणातही होते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ नावाचं वाणही दिलं आहे.

तुळशीवर दिल्लीच्या एम्समध्ये २४ निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला होता. चार आठवडे तुळशीच्या अर्काच्या कॅप्सूल घेतल्यावर त्यांच्या रक्तातल्या काही संरक्षक पेशी वाढलेल्या दिसल्या. उत्साह वाटावा असाच निष्कर्ष, पण चोवीस माणसं म्हणजे फार थोडी, आणि रक्तात पेशी वाढणं म्हणजे सर्दी कमी वेळा होणं नव्हे. वृंदावनातली चार-पाच पानं खुशाल खावीत.

गुळवेलीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. कडुनिंबावर चढलेली ही वेल आयुर्वेदातली मानाची वनस्पती. जीर्ण ज्वरात वैद्य ती देत आले आहेत. २०२० पासून ती घरोघरी, वैद्याच्या सल्ल्याशिवाय, रोज, महिनोन्महिने प्यायली जाऊ लागली. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ आणि यकृताची सूज घेऊन सहा रुग्ण आले, सगळे गुळवेल घेणारे. पुढे देशभरातल्या तेरा केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या अनेकांच्या रक्तात शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा होत्या. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांना हरकत घेतली. गुळवेल सुरक्षित आहे आणि तिच्यासारखीच दिसणारी, त्याच कुळातली दुसरी वेल चुकून वापरली जाण्याचा धोका आहे, अशी त्यांची बाजू होती. दोन्ही बाजू वाचून मला जे वाटतं ते असं : वेल ओळखण्यात चूक झाली असो किंवा खऱ्या गुळवेलीनेच काहींना बाधलं असो, घरी बसून महिनोन्महिने ती पिण्याला दोन्हीतली कोणतीच बाजू आधार देत नाही. यकृताचा जुना आजार, थायरॉइडची किंवा सांध्यांची स्वप्रतिकारक व्याधी असेल तर गुळवेलीपासून लांबच राहावं. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर अवचित उतरू शकते. बाकीच्यांना हवीच असेल तर वैद्याने नाडी-प्रकृती पाहून, ठरावीक दिवसांसाठी दिलेली घ्यावी. गुळवेल घेताना भूक गेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी ती बंद करून यकृताची तपासणी करावी.

आवळ्याकडे वळताना मन निर्धास्त होतं. शंभर ग्रॅम आवळ्यात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं. क जीवनसत्त्व आणि सर्दी यांवर जगभर पुष्कळ काम झालं आहे आणि त्याचा गोषवारा असा की रोज ते घेतल्याने सामान्य माणसाला सर्दी कमी वेळा होत नाही. झालेली सर्दी मोठ्यांत सुमारे आठ टक्के आणि मुलांत सुमारे चौदा टक्के लवकर आटपते. फार कष्टाच्या कामात, कडक थंडीत राबणाऱ्या सैनिकांत आणि धावपटूंत मात्र सर्दीचं प्रमाणच निम्म्यावर आलेलं आढळलं. म्हणजे निफाडच्या बागेत पहाटे थंडीत काम करणाऱ्यांनी आवळा खावाच खावा. कच्चा मिठाबरोबर, लोणच्यात, मोरावळ्यात, कसाही. च्यवनप्राशाचा पायाही आवळाच, पण त्यात साखरही भरपूर असते. मधुमेहींनी साध्या आवळ्यावर भागवावं.

मधाचं सांगायलाच हवं, कारण मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर त्याचा उपयोग प्रयोगांत दिसला आहे. झोपताना अर्धा-एक चमचा पुरे. पण एक वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटही चाटवू नये. मधात कधीकधी अशा जीवाणूंचे बीजाणू असतात, जे मोठ्यांच्या पोटात निमूट निघून जातात आणि बाळाच्या आतड्यात रुजून स्नायू लुळे पाडणारं विष तयार करतात. तीच गोष्ट कापराची. कापूर-ओव्याची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात बांधू नये. कापराचा तुकडा पोटात गेला तर लहान मुलाला आकडी येते. आंघोळीनंतर ओवा, वावडिंग, धूप यांची धुरी देण्याची चाल प्रेमाने आलेली आहे, पण धूर तो धूर. बाळाच्या फुप्फुसांना तो नको. वाफारा घेताना उकळत्या पाण्याचं भांडं मुलांच्या हाताशी ठेवू नये, हिवाळ्यात भाजण्याचे अपघात असेही होतात.

आणि झोप. अमेरिकेत १६४ धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू घालून केलेल्या एका अभ्यासात सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना, सात तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांच्या मानाने, सर्दी होण्याचा धोका चौपटीहून अधिक आढळला. इतका मोठा फरक दाखवणारा काढा माझ्या वाचनात नाही. साठी ओलांडलेल्यांनी, गरोदर बायांनी, दमा-मधुमेह असणाऱ्यांनी फ्लूची लस दरवर्षी घ्यावी. काढा आणि लस यांत भांडण नाही.

वाचकहो, घरच्या काढ्याला तीन-चार दिवस द्या. ताप तीन दिवसांत उतरला नाही, धाप लागली, छातीत दुखलं, लहान मूल दूध प्यायला तयार नसलं किंवा त्याच्या बरगड्या श्वासागणिक आत जाऊ लागल्या, तर पातेलं खाली उतरवा आणि डॉक्टरांकडे जा. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला, तर काढे बदलत न बसता आधी थुंकी तपासून घ्या. क्षयरोगाची ही तपासणी आणि पुढचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत होतात.